नळी, तूप आणि मलम : अरुंद झालेल्या वाटेचा दोन हजार वर्षांचा इतिहास

आजचा धागा अशा आजाराचा आहे, ज्याचे नाव घरात सहसा कोणी उच्चारत नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग हळूहळू अरुंद होत जाणे, आणि तेही संसर्गामुळे किंवा इजेमुळे नव्हे, तर एका त्वचारोगामुळे. विषय संकोचाचा आहे. पण या आजाराचा इतिहास पाहिला, तर औषध सापडण्यास जेवढा काळ गेला, त्याहून अधिक काळ आजार ओळखण्यास गेला असे दिसते. म्हणून हा धागा औषधाइतकाच ओळखीचाही आहे.

सुरुवात सुश्रुतसंहितेपासून करू. या ग्रंथाचा काळ नेमका सांगता येत नाही. त्यात निरनिराळ्या शतकांचे थर आहेत, आणि नेपाळमध्ये जपलेली त्याची एक ताडपत्री प्रत इ. स. ८७८ची आहे. ग्रंथाच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात 'क्षुद्ररोग' सांगितले आहेत. क्षुद्र म्हणजे लहानसहान. तीळ, मस, तारुण्यपिटिका, कोंडा, चाई असे त्वचेचे आणि केसांचे बरेच विकार या अध्यायात येतात, आणि त्यांच्याच रांगेत 'निरुद्धप्रकश' नावाचा एक विकार येतो. शिश्नाच्या टोकावरील कातडी मण्याला आवळून बसते, मूत्राची वाट अडते आणि धार मंद होते, पण वेदना होत नाहीत, असे त्याचे वर्णन आहे.

धार मंद, पण वेदना नाही. हे लक्षण ध्यानात असू द्या. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा भेटणार आहे.

या विकाराचा उपचार चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात आहे. दोन्ही तोंडे मोकळी असलेली नळी घ्यावी. ती लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची असावी. तिला तूप माखून ती आत सरकवावी. वरून शिशुमार नावाच्या जलचराची आणि वराहाची चरबी, तसेच वातनाशक द्रव्यांनी सिद्ध केलेले घाण्याचे तेल शिंपावे. दर तीन दिवसांनी आधीच्यापेक्षा जाड नळी घालावी आणि वाट वाढवत न्यावी. रुग्णाला स्निग्ध अन्न द्यावे. दुसरा पर्याय छेदाचा : मधली शिवण सोडून कातडी कापावी आणि पुढे ताज्या जखमेप्रमाणे उपचार करावेत.

यात दोन कामे एकत्र चालतात. नळी वाट ताणते. तूप, तेल आणि चरबी कातडी मऊ ठेवतात. शिवाय तूप माखलेली नळी ते औषध नेमके अरुंद जागी पोचवते. अरुंद झालेल्या वाटेसाठी स्थानिक लेपाचा हा फार जुना लेखी दाखला आहे.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. 'म्हणजे आधुनिक वैद्यकाला जे आज कळले ते आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते' असे वाक्य अशा धाग्यांखाली हमखास येते. ते खरे नाही. निरुद्धप्रकशाच्या वर्णनात कातडी आवळण्याचे अनेक आजार एकत्र बसू शकतात. त्यांतील कोणता त्वचेच्या दाहाने झाला आणि कोणता अन्य कारणाने, हे वेगळे करण्याचे साधन त्या काळी नव्हते. पण हा विकार मूत्राच्या रोगांत न मांडता क्षुद्ररोगांत मांडला गेला, म्हणजे निरीक्षण करणाऱ्याची नजर कातडीवर होती. मला हे श्रेय पुरेसे वाटते. त्याहून मोठे श्रेय लादले, तर मूळ निरीक्षणाचीच किंमत कमी होते.

मुंबईच्या वाचकांसाठी एक जोड. आज सुश्रुतसंहितेचा अभ्यास करणारे जगभरचे लोक ज्या छापील संस्करणाकडे वळतात, ते मुंबईत तयार झाले. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह ग्रंथ संपादित केला आणि जावजी दादाजींनी १८६९मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने तो छापला. १९३८चे संस्करण आजही प्रमाण मानतात.

आयुर्वेदातील दुसरी पद्धत 'उत्तरबस्ती'ची. औषधी तेल किंवा तूप बारीक नळीतून मूत्रमार्गात सोडायचे. चरकसंहितेत या नळीसाठी सोने किंवा रुपे सुचवले आहे आणि तिचे छिद्र मोहरीच्या दाण्याएवढे असावे असे सांगितले आहे. मापाचा हा काटेकोरपणा ग्रंथातील चर्चेतून आलेला वाटत नाही. ज्याने हे काम हाताने केले, त्याचा हात येथे दिसतो.

युरोपातही असाच उद्योग चालू होता. तेथे मूत्रमार्गात घालण्याच्या मेणाच्या बारीक कांडीला 'बुजी' म्हणत. फ्रेंच भाषेत बुजी म्हणजे मेणबत्ती, आणि हा शब्द अल्जीरियातील बेजाया या बंदराच्या नावावरून आला, कारण मेण तेथून येई. (आपल्याकडे बंगालवरून 'बंगला' आला, तशातला प्रकार.) अठराव्या शतकात पॅरिसमध्ये झाक दारान नावाच्या शल्यवैद्याने औषध मिसळलेल्या बुजींवर मोठे नाव कमावले. मिश्रणात काय असे, ते त्याने पुष्कळ काळ गुपित ठेवले होते.

त्याच्या ग्राहकांत एक थोर नाव होते : झाँ झाक रूसो. 'सामाजिक करार' लिहिणाऱ्या या विचारवंताला लघवीच्या त्रासाने आयुष्यभर छळले. आपण दारानच्या बुजी वापरल्या, आणि दारान मेला तर त्या मिळणार नाहीत या भीतीने मोठा खर्च करून साठा करून ठेवला, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. राजदरबाराच्या समारंभांपासून दूर राहण्यामागे हा त्रास होता, हेही तो लपवत नाही. अठराव्या शतकातील एक प्रसिद्ध पुरुष स्वतःच्या मूत्रमार्गाविषयी नाव लावून लिहितो, ही घटना आजही विरळ आहे. रूसोचा आजार नेमका कोणता होता यावर वैद्यांनी पुढे पुष्कळ तर्क केले; आपल्या विषयातील त्वचारोग त्याला होता असा दावा मी करणार नाही. त्याची आठवण येथे काढली ती औषधी कांडीसाठी.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले, आणि ते रुग्णांच्या दृष्टीने चांगले पालटले नाही. मूत्रमार्ग अरुंद झाला की कारण परमा, म्हणजे गनोरिया, असे वैद्यकाने जवळजवळ गृहीतच धरले. हे गृहीत सर्वस्वी चुकीचे नव्हते. प्रतिजैविके येण्यापूर्वी परमा हे अरुंदीचे फार मोठे कारण होतेच. पण त्यामुळे प्रत्येक रुग्णावर एक नैतिक शिक्का बसला. ब्रिटिश सरकारने १८६८मध्ये हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा केला आणि १८७०मध्ये तो मुंबई शहरात लागू केला. त्या कायद्याचा रोख वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या सक्तीच्या तपासणीवर होता; सैन्यातील पुरुषांच्या आरोग्यासाठी स्त्रियांवर पहारा, असा तो प्रकार होता. हा कायदा १८८८मध्ये गेला. पण 'तिथला' आजार म्हणजे 'तसला' आजार हे समीकरण त्याने समाजात पक्के केले आणि ते कायद्याबरोबर गेले नाही.

आता या कथेचा दुसरा धागा. तो मूत्रविकारांच्या दवाखान्यात नव्हे, तर त्वचारोगांच्या दवाखान्यात सुरू होतो, आणि त्याची सुरुवात स्त्रियांपासून होते.

१८७५मध्ये न्यूयॉर्कच्या वीअर या वैद्याने स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियावरील पांढऱ्या चट्ट्याची एक नोंद प्रसिद्ध केली. १८८५मध्ये ब्राइस्की यांनी याच भागाच्या आकसण्याला वेगळे नाव दिले. १८८७मध्ये पॅरिसच्या अलोपो यांनी त्वचा पातळ करत जाणाऱ्या एका लायकेनचे वर्णन केले आणि १८९२मध्ये दारिए यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते कसे दिसते हे मांडले. नंतर त्याला 'लायकेन स्क्लेरोसस' असे नाव पडले. पुढे त्याला 'एट अॅट्रॉफिकस' हे शेपूटही जोडले गेले. लायकेन म्हणजे दगडफूल. खडकावर पसरलेल्या दगडफुलासारखे चट्टे म्हणून लायकेन, आणि कातडी घट्ट, निबर होते म्हणून स्क्लेरोसस.

पुरुषांतील हाच आजार मात्र वेगळ्या दारातून आत आला. १९२८मध्ये जर्मनीत श्ट्यूमर यांनी काही पुरुषांचे वर्णन केले. त्यांची अग्रत्वचा आवळली म्हणून सुंतेची शस्त्रक्रिया झाली होती, आणि नंतर मणी कोरडा, पांढुरका पडून मूत्रद्वार बंद होत चालले होते. श्ट्यूमर यांनी या आजाराला लांबलचक लॅटिन नाव दिले आणि त्यात 'शस्त्रक्रियेनंतरचा' असे विशेषणही जोडले.

येथे इतिहासप्रेमींनी एक क्षण रेंगाळावे, कारण कार्यकारणाची उलटापालट कशी होते याचे हे सुरेख उदाहरण आहे. शस्त्रक्रिया आधी, चट्टे नंतर; म्हणून शस्त्रक्रियेमुळे चट्टे, असा तो क्रम लावला गेला. वास्तवात आजार शस्त्रक्रियेच्या आधीपासून होता. अग्रत्वचा आवळली ती त्यामुळेच. शल्यवैद्याने आजाराचा एक परिणाम कापून टाकला आणि आजार मागे उरला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्हींचे नमुने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा श्ट्यूमर यांचा आजार आणि स्त्रियांतील लायकेन स्क्लेरोसस एकच आहेत हे ध्यानात आले. तरीही कित्येक दशके दोन शाखा दोन नावे वापरत राहिल्या. त्वचारोगतज्ज्ञांचे औषध मूत्ररोगतज्ज्ञांच्या टेबलापर्यंत उशिरा पोचले, त्याचे एक कारण हे दुभंगलेले नाव असावे असे मला वाटते.

आजार चालतो कसा? त्वचेच्या वरच्या थराखाली दाह सुरू होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असे बहुतेक संशोधक मानतात. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ ख्रिस्तोफर बंकर यांचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे : अग्रत्वचेखाली अडकून राहणारे लघवीचे थेंब. जन्मतःच सुंता झालेल्या पुरुषांत हा आजार क्वचितच आढळतो, ही गोष्ट त्यांच्या मताला पुष्टी देते. कारण कोणतेही असो, परिणाम ठरलेला. त्वचा पांढरी, पातळ आणि सुरकुतलेल्या कागदासारखी होते. तिच्याखाली घट्ट, लवचीकपणा हरवलेली ऊती साठते. अग्रत्वचा मागे सरत नाही. मग मूत्रद्वार आवळते. आणि पुढे काही जणांत अरुंदी आत सरकत जाते.

ती आत का सरकते, यावर एक मत असे. टोकाचे दार अरुंद झाले की प्रत्येक वेळी लघवी जोराने दाबून करावी लागते. त्या दाबाने लघवी मूत्रमार्गाच्या भिंतीतील बारीक ग्रंथींत घुसते, तेथे दाह होतो आणि व्रण धरतो. हे मत बरोबर असेल तर त्याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे : दार वेळीच मोकळे केले, तर आतली वाट वाचू शकते.

त्यासाठी लागणारे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर हाती आले. १९४८मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासह त्यांना १९५०चे नोबेल मिळाले. सुरुवातीला कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक टप्प्यांत बनवावे लागे. पुढे मेक्सिकोतील रानटी कंदांतून कच्चा माल मिळाला आणि किंमत कोसळली. त्वचेला मात्र कॉर्टिसोन चोळून उपयोग होईना. १९५२मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावले आणि ते लागू पडले. स्टेरॉइड मलमांचा काळ तेथून सुरू होतो.

त्यानंतर अधिकाधिक तीव्र मलमांची शर्यत लागली. तीव्रता मोजण्याची एक चतुर युक्ती १९६२मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी मांडली. स्टेरॉइडमुळे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तेवढा भाग फिकट पडतो. हातावर निरनिराळ्या औषधांचे ठिपके लावायचे आणि कोणता ठिपका किती फिकट पडतो ते पाहायचे. या शर्यतीत ग्लॅक्सो कंपनी आघाडीवर होती : १९६०च्या दशकात बीटामेथासोन व्हॅलरेट, आणि १९७०च्या दशकात क्लोबेटासॉल प्रोपिओनेट, जे हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी तीव्र मानले जाते.

ग्लॅक्सो हे नाव आपल्याला परके नाही. मीरा-भाईंदरहून काशीमीऱ्याला वळून घोडबंदर रस्त्याने ठाण्यात शिरले की पोखरण रस्ता लागतो. तेथे या कंपनीचा मोठा औषध कारखाना कित्येक दशके चालला. २०१४मध्ये त्याची जवळजवळ ६० एकर जमीन ५५५ कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीला विकण्याचा करार झाला. ठाणे-बेलापूर-मुंबई पट्ट्यातील औषधनिर्मितीचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहिणाऱ्याला या जमिनीपासून सुरुवात करता येईल.

क्लोबेटासॉल हाती आल्यानंतरही ते या आजारासाठी वापरायला पुष्कळ काळ लागला. स्त्रियांच्या लायकेन स्क्लेरोससवर तेव्हा टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे मलम देण्याची रीत होती. शिवाय तीव्र स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, आणि येथे त्वचा आधीच पातळ. मग ते कसे लावावे, अशी सार्थ भीती होती. १९९१मध्ये डॅलझील, मिलार्ड आणि वोयनारोव्हस्का या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी ते लावून पाहिले आणि चांगला गुण आला. १९९३मध्ये इटलीत क्लोबेटासॉल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन आणि साधे क्रीम यांची तुलना झाली. क्लोबेटासॉल सरस ठरले. १९९९मध्ये स्वीडनमधून २२ पुरुषांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. तेथेही बहुतेकांना आराम पडला. आज कातडीवरील चट्ट्यांसाठी जगभर पहिला उपचार हेच मलम आहे. स्त्रियांच्या एका दुर्लक्षित आजारावर झालेल्या कामाचा लाभ पुरुषांना मिळाला, ही बाब पुरुषी इतिहासलेखनात सहसा निसटते.

पण हे झाले बाहेरच्या कातडीचे. आतील नळीचे काय? मलम मूत्रद्वारापलीकडे पोचवायचे कसे? २०१६मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी आपला अनुभव मांडला. बायोप्सीने लायकेन स्क्लेरोसस सिद्ध झालेल्या आणि मूत्रमार्ग अरुंद असलेल्या पुरुषांना त्यांनी क्लोबेटासॉल दिले, ते बारीक कॅथेटरला माखून स्वतःच आत सरकवण्यासाठी. बहुतेकांची मोठी शस्त्रक्रिया टळली. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी रचना ओळखीची वाटते ना? नळी, तिला माखलेला स्निग्ध लेप, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तेच. चिकित्सास्थानातील नळीशी तिचे रूप जुळते. फरक तुपाच्या जागी आलेल्या औषधाचा, आणि कोणत्या अरुंदीत ते वापरायचे या ज्ञानाचा. परम्यामुळे किंवा अपघातामुळे आवळलेल्या मार्गात या मलमाला असे स्थान नाही.

आणि एक मर्यादा. मलम दाह विझवते, व्रण वितळवत नाही. जेथे दाह धगधगतो आहे तेथे ते उपयोगी. जेथे सर्व काही निबर होऊन बसले आहे तेथे फारसे नाही. म्हणजे रुग्ण केव्हा येतो यावर सारे अवलंबून.

महाराष्ट्रात तो केव्हा येतो, हे पुण्यात दिसते.

पुण्याचे मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. संजय कुलकर्णी आणि इटलीतील अरेझ्झोचे डॉ. ग्वीदो बार्बाली यांनी २००९मध्ये लायकेन स्क्लेरोसस झालेल्या २१५ पुरुषांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव एकत्र प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कुलकर्णी यांनी स्वतःच्या नावाने ओळखले जाणारे तंत्र मांडले. २०१२मध्ये त्यांच्या गटाने भारतातील ११७ पुरुषांची माहिती दिली, ज्यांचा मूत्रमार्ग जवळजवळ सलग अरुंद झाला होता. अरुंदीची सरासरी लांबी होती १४ सेंटीमीटर. पुरुषाचा संपूर्ण मूत्रमार्गच १८ ते २० सेंटीमीटरांचा असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. भारतात अशा लांबलचक अरुंदीमागे लायकेन स्क्लेरोसस हे प्रमुख कारण आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

शस्त्रक्रियेचा विचार थोडक्यात असा. मूत्रमार्ग रुंद करण्यासाठी पूर्वी जवळचीच कातडी वापरत. पण हा आजार कातडीचाच. नव्या कातडीतही तो पुन्हा उगवे. म्हणून गालाच्या आतील अस्तर घेतात. ते नेहमी ओले राहते आणि या आजाराला सहसा बळी पडत नाही. तोंडातील अस्तर मूत्रमार्गाला लावण्याचा पहिला प्रयोग १८९४मध्ये कीव्ह येथे सापेझ्को यांनी केला होता. मग तो विसरला गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा वर आला. कुलकर्णी तंत्रात शिश्नाच्या कातडीला हात न लावता खालच्या बाजूने, वृषणांच्या मागील छेदातून संपूर्ण मार्गापर्यंत पोचतात, आणि मार्ग एकाच बाजूने सोडवतात. दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि मज्जातंतू शाबूत राहतात. जगभरचे शल्यवैद्य हे तंत्र शिकायला पुण्यात येतात. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

मात्र त्या अभिमानाला एक काळी कड आहे. १४ सेंटीमीटरांची अरुंदी एका रात्रीत होत नाही. तिला बहुधा वर्षे लागतात. सुरुवातीला मण्यावर पांढरा चट्टा, थोडी खाज, कातडी मागे सरकताना चिरणे. नंतर धार बारीक होणे, फाटणे. आणि बहुधा वेदना नाही, किंवा अगदी थोडी. म्हणून माणूस गप्प बसतो. धार बारीक झाली तर वय झाले म्हणतो. डॉक्टरांकडे गेलाच, तर 'काही भानगड केली होतीस का?' हा १८७०च्या मुंबईतून आलेला प्रश्न कोणाच्या तरी तोंडून ऐकावा लागेल, या भीतीने चट्ट्याविषयी बोलत नाही. वास्तविक हा आजार कोणाकडून लागत नाही आणि कोणाला देता येत नाही.

दुसरीकडे तेच मलम आपल्या शहरांत कसे वापरले जाते ते पाहा. त्वचा फिकट पाडण्याचा जो गुण मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी मोजपट्टी म्हणून वापरला, त्याच्याच जोरावर स्टेरॉइड मलमे 'गोरे होण्याचे क्रीम' म्हणून चेहऱ्यावर गेली. मुरुमांवर गेली, नायट्यावर गेली. २०११मध्ये भारतातील १२ केंद्रांवरील अभ्यासात त्वचेच्या दवाखान्यात आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षे पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारने २०१८मध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीवरच विकण्याच्या अनुसूची 'एच'मध्ये घातली. नियम झाला. पण आपल्या आसपासच्या एखाद्या औषधांच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहा आणि चिठ्ठी किती वेळा मागितली जाते ते मोजा.

म्हणजे ज्याला या मलमाची गरज नाही तो ते चेहऱ्याला फासतो, आणि ज्याला गरज आहे त्याला आपल्या आजाराचे नावही ठाऊक नसते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी, कारण हा धागा वाचून कोणी तरी खालच्या खिडकीत विचारणार आहे. हे मलम आपल्या मनाने लावू नये. पांढरा चट्टा म्हणजे प्रत्येक वेळी लायकेन स्क्लेरोसस नव्हे. बुरशीच्या संसर्गावर तीव्र स्टेरॉइड लावले तर संसर्ग वाढतो, आणि थोड्या रुग्णांत या चट्ट्यांवर पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून शंका असेल तेथे बायोप्सी करतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे. दोघांनाही हा आजार ठाऊक असतो. लहान मुलांतही तो होतो. मुलाची अग्रत्वचा आधी मागे सरत होती आणि आता सरेनाशी झाली, टोक पांढरे पडले, असे दिसले तर आईवडिलांनी वाट पाहू नये. आणि स्त्रियांत हा आजार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. पांढरे चट्टे आणि न थांबणारी खाज ही त्याची खूण.

निर्णयसागर छापखाना आणि जावजी दादाजींच्या खिळ्यांविषयी स्वतंत्र धागा पुढच्या रविवारी.